सहा आणि तीन, समांतर

माझी शाळा चौथीत सुटली. न केलेल्या खोडीबद्दल गुरुजींनी छडी मारली आणि दुसऱ्या दिवसापासून मी गेलो नाही. आठवड्याने गुरुजी स्वतः घरी बोलवायला आले, तरी गेलो नाही. त्यामुळे अपूर्णांक राहिले ते राहिलेच. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार पक्के होते, पाढे तिसापर्यंत होते. वऱ्हाडातून पुण्याला आलो तेव्हा एवढी शिदोरी होती आणि पुढची तीस वर्षं ती पुरली. कुठे कमी पडली असं मला वाटलं नाही. इतरांना वाटलं असेल तर ते त्यांचं त्यांना ठाऊक.

कॅम्पात एका उस्तादांकडे मी कॉइल वळायला शिकलो. शेगडीची, इस्त्रीची, बेकरीच्या भट्टीची. निक्रोमची तार सळईवर गुंडाळून तिचे वेटोळे करायचे, ताणून बसवायचे. उस्तादांना सहीसुद्धा येत नव्हती, पण तार हातात धरून ती किती वॅटला किती लांब लागेल हे ते सांगत. त्यांचा हिशेब सगळा वॅटचा. म्हणायचे, "गिऱ्हाईक वॅट मागतं, आपण वॅट विकतो. बाकी भानगडीत पडायचं नाही." हजाराच्या दोन कॉइली शेजारी शेजारी लावल्या, दोघींना लाइन वेगवेगळी दिली, की दोन हजार. त्याला पॅरलल म्हणायचं. तिथे बेरीज. त्याच दोन एकीच्या शेपटीला दुसरी अशा जोडल्या की सिरीज, आणि मग उरतात पाचशे. तिथे गुणाकार करायचा आणि बेरजेने भागायचं. हजाराची आणि पाचशेची सिरीजमध्ये लावली तर तीनशे तेहतीस. हा हिशेब मी हजारो वेळा केला असेल. एकदाही भट्टी परत आली नाही.

पुढे येरवड्यात माझं स्वतःचं दुकान झालं. अठरा वर्षं बरं चाललं. मग बाजारात बंद डब्यातले गिझर आले, परदेशी नावांच्या इस्त्र्या आल्या, आणि लोक बिघडलेली वस्तू दुरुस्त करण्याऐवजी बदलायला लागले. उघड्या कॉइलची शेगडी तर लोक माळ्यावरसुद्धा ठेवेनात. त्याच सुमाराला नगर रस्त्याला, पार वाघोलीच्या दिशेने, संगणकाच्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती उठत होत्या. त्यातल्या एकीच्या कँटीनचं काम मला मिळालं. तिथे गरम पाण्याचे लांबलचक काउंटर होते. त्यात भाजी-आमटीचे डबे बुडवून ठेवायचे, म्हणजे दुपारी बारापासून तीनपर्यंत अन्न गरम राहतं. एकूण चौदा काउंटर होते आणि त्यांचे हीटर सांभाळायचे होते. दोन वर्षांत माझ्या दुकानाचा बाकीचा धंदा आटला आणि हेच एक काम उरलं. ते गेलं की दुकानाला कुलूप, इतकं सरळ होतं.

एके दिवशी तिथल्या व्यवस्थेवरच्या साहेबाने बोलावलं. साहेब म्हणजे पंचविशीचा, गळ्यात पट्टा.

"अंकल, तुमचं वायरमनचं लायसन्स द्या ना. फाइलला लावायचंय."

"लायसन्स नाही."

"म्हणजे? घरी आहे?"

"घरी पण नाही. कुठेच नाही."

तो हसला. मी हसलो नाही, तेव्हा थांबला. "अंकल, आता ऑडिट असतं. माझ्या हातात नाहीये. तीन महिने मॅनेज करतो. त्यानंतर विदाउट लायसन्स गेटवर एंट्री नाही मिळणार. सॉरी हं."

"तुमचे काउंटर कधी थंड पडले?"

"नाही हो. म्हणून तर तीन महिने म्हणालो."

सरकारी परीक्षा होती. अनुभव असलेल्याला बसता येत होतं. एक लेखी पेपर, मग हाताने जोडणी, मग तोंडी. जोडणीची मला चिंता नव्हती. तोंडीचीही नव्हती, तोंड मला आहे. मराठीत लिहिता येतं, सावकाश येतं, पण येतं. बायको म्हणाली, "मी वाचून दाखवीन, तुम्ही ऐका." ती अकरावी झालेली, बालवाडीत शिकवायची. तिच्याकडून शिकायचं मला नको होतं, पण दुसरं कोण होतं? अप्पा बळवंत चौकातून तिने जुनं गाईड आणलं, मराठीतलं.

पहिले आठ-दहा दिवस बरे गेले. ती वाचायची, मी मान हलवायचो. अर्थिंग, फ्यूज, तारांचे रंग, सगळं मला येत होतं, फक्त पुस्तकी नावं नवी होती. मग तो धडा आला.

"एकसर जोडणी," तिने वाचलं. "म्हणजे तुमची सिरीज. एकसर जोडणीत परिणामी रोध हा सर्व रोधांच्या बेरजेइतका असतो."

"परत वाच."

तिने परत वाचलं.

"चूक आहे. सिरीजला बेरीज नसते, पॅरललला असते. पुढे काय लिहिलंय?"

"समांतर जोडणीत दोन रोध असतील तर गुणाकार भागिले बेरीज."

मी गाईड तिच्या हातातून घेतलं. दोन आकृत्या होत्या, वर एक, खाली एक. रीत दोन्ही माझ्याच, उस्तादांच्याच, पण उलट्या लावलेल्या. पॅरललची सिरीजला आणि सिरीजची पॅरललला. मला काडीची शंका आली नाही. "छापणाऱ्याने नावं बदलली," मी म्हणालो. "आकृत्यांखालची नावं इकडची तिकडे झाली."

"अहो, सगळा धडा तसाच आहे. उदाहरणंसुद्धा."

"मग सगळा धडा चुकला."

"आणि तुम्ही एकटे बरोबर?"

"मी तीस वर्षं कॉइली जोडतोय. ह्या लेखकाने एक तरी जोडली असेल का?"

"लेखकाने नसेल जोडली. पण पेपर तपासणाऱ्याने हेच पुस्तक वाचलेलं असणार."

ह्यावर मी तिला दुकानात नेलं. हजाराच्या दोन कॉइली पॅरललमध्ये लावल्या आणि विजेच्या मीटरची चकती दाखवली. एकीवर फिरत होती त्याच्या दुप्पट वेगाने दोघींवर फिरली. "बघ. बेरीज झाली की नाही?" चकती खरंच दुप्पट फिरत होती. ती पदराने कपाळ पुसत एवढंच म्हणाली, "काहीतरी चुकतंय. काय ते मला सांगता येत नाही." मी म्हटलं, सांगता येत नाही कारण चुकत काहीच नाही.

त्या दिवशी घरी येऊन मी पेन घेतलं आणि गाईडमध्ये 'एकसर' खोडून 'समांतर' लिहिलं, 'समांतर' खोडून 'एकसर'. धडाभर. अकरा ठिकाणी.

तिने ते दुसऱ्या दिवशी पाहिलं. "हे कुणी केलं?"

"मी. दुरुस्ती."

तिने गाईड मिटून माझ्यासमोर ठेवलं. "मग आता पुढचं तुम्हीच वाचा. पुढेही बऱ्याच दुरुस्त्या असतील." त्यानंतर परीक्षेपर्यंत आमचं बोलणं 'जेवायला वाढू का' आणि 'वाढ' इतकंच होतं.

लेखी पेपर एका सरकारी प्रशिक्षण संस्थेत होता. लाकडी बाकं, आम्ही चाळीसेक जण. बरेचसे माझ्यापेक्षा लहान. पेपर सोपा वाटला. पाचवा प्रश्न होता: सहा ओहम आणि तीन ओहमचे रोध समांतर जोडले तर परिणामी रोध किती? आणि खाली तेच एकसर जोडले तर किती? मी पहिल्याचं उत्तर लिहिलं, नऊ. दुसऱ्याचं, दोन. दोन-दोन ओळींत रीत लिहिली, खाली रेघ मारली. खात्री इतकी होती की परत तपासलं नाही.

बाहेर नळावर पाणी प्यायला गर्दी होती. एक जण म्हणाला, "पाचवा सोपा होता यार. समांतर दोन, एकसर नऊ." दुसरा म्हणाला, "हो, दोन." तिसऱ्याला मी स्वतः विचारलं. तो म्हणाला, "दोन आलं काका. तुमचं?"

मी म्हणालो, "आलं." आणि निघालो.

बसमध्ये जागा होती तरी उभा राहिलो. एखादा चुकेल, दोघं चुकतील. पण तिघे तीन गावांचे, तीन कारखान्यांतले, आणि तिघांना दोनच? संध्याकाळी घरी जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं, "पेपर?" मी म्हणालो, "झाला."

सकाळी दुकान उघडून बसलो आणि समोरच्या दोन कॉइलींकडे बघत राहिलो. वॅट मला दिसत होते. चकती दुप्पट फिरली होती, माझ्या डोळ्यांदेखत, तिच्या डोळ्यांदेखत. पण प्रश्नात वॅट नव्हता, ओहम होता. आणि ओहम मी जन्मात मोजला नव्हता. माझ्याकडे ओहम मोजायचा मीटरच नव्हता. बल्ब लावून तपासायचं, बल्ब पेटला की कॉइल चांगली. मीटर लागतो तो कारागीर नव्हे, असं मी चारचौघांत बोललेलो होतो. शेजारी टीव्ही दुरुस्त करणारा होता, त्याच्यासमोर तर बरेचदा.

त्याच्याकडेच जावं लागलं.

"मल्टिमीटर जरा देता का? पाच मिनिटं."

त्याने चष्म्यावरून पाहिलं. "कोण मागतंय? तुम्ही?"

"हो."

"बल्ब गेला का?"

"द्यायचा तर द्या."

"घ्या, घ्या. पण इथेच बसून मोजा. तुमच्या हातात मीटर बघायचं भाग्य रोज येत नाही." मी कॉइली तिथेच आणल्या. एकीला मीटरच्या काड्या लावल्या, काटा हलला. पन्नासच्या जरा पुढे. दुसरीलाही तेवढाच. मग दोन्ही पॅरललमध्ये. माझ्या हिशेबाने शंभराच्या पुढे जायला हवा होता. काटा उजवीकडे सरकला. उजवीकडे म्हणजे जास्त, मला हायसं वाटलं.

"झाली ना बेरीज!" मी म्हणालो.

"आकडा वाचा की हो. सव्वीस."

"काटा तर पुढे गेला."

"ओहमची पट्टी उलटी असते, शून्य उजवीकडे. काड्या एकमेकींना टेकवा, बघा." मी टेकवल्या. काटा पार उजव्या टोकाला जाऊन शून्यावर पडला. "अडवणारं कुणीच नाही, म्हणून काटा सुसाट. अडवणूक कमी तेवढा काटा जास्त पळतो. ओहम म्हणजे अडवणूक हो, अजून काय?"

मग सिरीजमध्ये लावून पाहिल्या. काटा मागे आला. शंभर आणि वर पाच-सहा.

वॅट म्हणजे किती वाहून गेलं. ओहम म्हणजे किती अडलं. दोन वाटा करून दिल्या की वाहणं वाढतं, मग अडणं कमीच व्हायला हवं. एका वाटेवर दोन दारं एकामागे एक लावली तर अडणं वाढतं आणि वाहणं घटतं. इतकं साधं होतं. उस्तादही बरोबर आणि गाईडही बरोबर. आणि मी गाईडमध्ये अकरा ठिकाणी पेन चालवलं होतं, पेपरात रीत लिहून खाली रेघ मारली होती.

"काय झालं?" टीव्हीवाला म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता, म्हणजे माझा चेहरा काय झाला असेल ते समजा.

"काही नाही. मीटर चांगला आहे तुमचा."

जोडणीची परीक्षा दोन दिवसांनी होती, ती निभावली. तोंडी परीक्षेला आणखी चार दिवस होते. लेखीचा पाचवा प्रश्न गेला होता, तो परत येणार नव्हता. बाकी पेपरात किती मिळाले ते माहीत नव्हतं, पण काठावर असणार हे कळत होतं. गेटवरची तीन महिन्यांची मुदत संपायला अठरा दिवस उरले होते. परत परीक्षेला बसायचं तर पुढच्या खेपेची वाट बघायची, आणि तोवर माझ्या चौदा काउंटरांना दुसरा कुणीतरी हात लावत असणार.

चार दिवस मी गाईड घेऊन दुकानात बसलो. माझ्याच खाडाखोडीतून वाचावं लागत होतं. दोन रोधांचं जमलं. तीन रोध समांतर आले की पुस्तकात एकावर दोन, एकावर तीन असे आकडे एकाखाली एक मांडलेले. अपूर्णांक. तिथे माझी शाळा सुटलेली होती. तीन आकड्यांचा गुणाकार करून बेरजेने भागून पाहिलं, तर पुस्तकातल्या उत्तराशी जुळेना. ती रीत फक्त दोघांची, तिघांत चालत नाही. बायकोला विचारलं असतं तर तिने दहा मिनिटांत अपूर्णांक शिकवले असते. विचारलं नाही. तेव्हाही नाही. स्वतःची वाट शोधली, दोन दिवस गेले त्यात.

तोंडीला परीक्षक एकच होते, पन्नाशीचे, शांत. टेबलावर माझा लेखी पेपर होता. वर जुना पंखा खडखडत होता.

"कॉइलीचं काम करता?"

"तीस वर्षं."

त्यांनी कागदावर तीन रोध काढले. "दोन, तीन आणि सहा ओहम. तिन्ही समांतर. परिणामी रोध?"

"साहेब, बॅटरी किती व्होल्टची?"

"बॅटरीचा ह्यात संबंध नाही."

"मग मी माझी धरतो. सहा व्होल्टची."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "धरा."

"दोन ओहममधून तीन अँपिअर जाणार. तीनमधून दोन. सहामधून एक. एकूण वाहिले सहा. सहा व्होल्टला सहा अँपिअर वाहतात म्हणजे अडवणूक एक. एक ओहम."

"बारा व्होल्टची बॅटरी धरली असतीत तर?"

बारा मी करून पाहिलेले नव्हते. पण आकडे बरे होते. "सहा, चार आणि दोन. बारा वाहिले. बाराला बारा. एकच."

"ही रीत कुठल्या पुस्तकात आहे?"

"माहीत नाही. पुस्तकातली रीत मला येत नाही. अपूर्णांक शिकलेलो नाही."

"आणि हेच एकसर जोडले तर?"

"अकरा. सरळ बेरीज."

त्यांनी माझा पेपर उचलला, पान उलटलं आणि माझ्याकडे वळवून धरलं. माझी रेघ दिसत होती. "मग इथे सहा आणि तीन समांतर, नऊ? एकसर, दोन? बरोबर उलटं. चुकून इकडचं तिकडे झालं म्हणावं, तर तुम्ही रीतसुद्धा लिहिली आहे. हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

पळवाट त्यांनीच दाखवली होती. उस्तादांचं नाव घ्यायचं आणि सुटायचं. उस्ताद जाऊन सहा वर्षं झाली होती, ते थोडेच उठून विचारायला येणार होते. तोंडापर्यंत शब्द आला. पण उस्तादांनी कधी ओहम हा शब्दच उच्चारला नव्हता. ते वॅट म्हणायचे आणि वॅटच मोजायचे. पेपरावर ओहमचं ते घोड्याच्या नालासारखं चिन्ह मी काढलं होतं आणि त्याच्या डाव्या बाजूला दुसऱ्याच मापाचा हिशेब लिहिला होता. उस्तादांच्या भट्ट्या अजून चालू होत्या. त्यांना ह्या खोलीत आणून चुकीचं ठरवायचं म्हणजे काय?

"कुणी शिकवलं नाही," मी म्हणालो. "मी वॅटचा हिशेब करतो. वॅटला हे बरोबर आहे. मी तोच ओहमला लावला. चूक माझी."

"मोठ्यानं बोला, पंखा वाजतोय."

"चूक माझी, साहेब."

कागदाच्या कडेला त्यांनी वॅटचा हिशेब करून पाहिला, दोन ओळींचा. मग म्हणाले, "वॅटला बरोबर आहे खरं." त्यांनी मार्कांच्या तक्त्यात आकडा लिहिला. मला उलटा दिसत होता, वाचता आला नाही. "लेखीत तुम्ही दोन मार्कांनी वर आहात. जोडणी उत्तम आहे. तोंडीतही पास करतोय. दहा दिवसांनी परवाना घ्यायला या. आणि अपूर्णांक शिकून घ्या. प्रत्येक वेळी सहाची बॅटरी बरी पडणार नाही."

खोलीबाहेर आल्यावर जिना उतरताना बोटांवर दिवस मोजले. मुदतीच्या चार दिवस आधी परवाना मिळणार होता.

घरी बायको पोळ्या लाटत होती. विचारणार नाही हे ठरवून बसलेली दिसत होती, म्हणून मीच म्हणालो, "पास."

"बरं झालं." लाटणं थांबलं नाही. "समांतरचं विचारलं का?"

"विचारलं. लेखीचा पेपरही दाखवला. त्यात मी उलटं लिहिलं होतं."

"ते मला पेपरच्या दिवशीच कळलं. तुम्ही जेवला नाहीत." मग लाटणं थांबलं. "मग काय सांगितलंत साहेबांना? छापणाऱ्याची चूक?"

"नाही. माझी चूक म्हणालो."

"तुम्ही?"

"दोनदा म्हणालो. पहिल्यांदा पंख्यामुळे त्यांना ऐकू गेलं नाही."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं, खोटं बोलतोय का ते. मग पोळी तव्यावर टाकत म्हणाली, "परक्या माणसाला दोनदा. घरात तेवीस वर्षांत एकदाही नाही. इथे तर पंखापण बंद आहे."

मी हात धुऊन पाटावर येऊन बसलो. तिने ताट वाढलं, पण सरकवलं नाही, हाताखाली धरून ठेवलं. वाफ निघत होती. मग मी तिलाही म्हणालो. ती म्हणाली, "काय? ऐकू आलं नाही."